महापालिकेच्या जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती) विभागात नेमकं काय काम असतं? सिव्हिल डिप्लोमावर जमेल का?

जमेल. पण दिवसभर रंगीत नकाशे काढत बसायचं, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. निम्मा वेळ जुळवाजुळवीत जातो. सिटी सर्व्हेचं जुनं शीट, विकास आराखडा आणि उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवलं की कुणाची तरी भिंत रस्त्यात येते! मग जुन्या विहिरी, देवळं, चौकांचे कोपरे धरून शीट बसवायचं. मालमत्ता कराच्या यादीत एकच माणूस तीन स्पेलिंगांनी सापडतो, तो ताप वेगळाच.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच उतरवून घ्या. सोबत थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, मात्र पक्कं करा. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन पाडलेले असतात: पुणे-मुंबई ४३ झोनमध्ये, नागपूर ४४ मध्ये. झोन चुकला की अख्खं शहर भलतीकडेच जाऊन पडतं. बरीचशी भरती कंत्राटी असते, तेव्हा पगार आणि मुदत आधी विचारून घ्या.