ट्री व्ह्यू काढताय, तर सॉर्टिंगही व्ह्यूमधून बाहेर काढा

तुमची अडचण अशी: फाइल मॅनेजरमधली यादी जीटीकेच्या (खिडक्या, बटणं, याद्या बनवायची लायब्ररी) ट्री व्ह्यूवर, म्हणजे यादी दाखवणाऱ्या जुन्या विजेटवर (पडद्यावरच्या घटकावर), उभी आहे, तो डेप्रिकेटेड (चालतो, पण पुढे वापरू नये असा) असल्याची वॉर्निंग येते, आणि यादीत आकारानुसार लावलेल्या फाइली आयकॉन व्ह्यूमध्ये गेल्या की पुन्हा नावाने लागतात. दोन्हींचा उपाय एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्र लिहितो.

वॉर्निंगने घाबरू नका. ट्री व्ह्यू जीटीके ४.१० मध्ये, म्हणजे २०२३ साली, डेप्रिकेट झाला. जीटीके ४ आहे तोवर तो चालेल. सावकाश बदला. मी पूर्वी सी-लिस्टवरून ट्री व्ह्यूवर जायचं काम केलंय (सी-लिस्ट, म्हणजे ट्री व्ह्यूच्या आधीची यादीची सोय, २००२ साली २.० मध्ये मागे पडली आणि ३.० मध्ये गेलीच). सी-लिस्टमध्ये सगळा कारभार ओळीच्या क्रमांकावर चालायचा, आणि मी तेच क्रमांक नव्या कोडमध्ये नेले. पण वर सॉर्ट मॉडेल (क्रम लावणारा थर) बसवलं की स्क्रीनवरची तिसरी ओळ ही स्टोअरमधली (मूळ डेटा साठवणाऱ्या यादीतली) तिसरी ओळ असेलच असं नाही. डिलीट दाबलं आणि भलतीच फाइल गेली. फोल्डर चाचणीचा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून ओळीचा क्रमांक मी कुठेच साठवत नाही. तुम्हीही सिलेक्शन मॉडेलकडून (काय निवडलंय ते सांभाळणारा थर) थेट फाइलीचा ऑब्जेक्ट घ्या.

आता रचना. यादीला कॉलम व्ह्यू, आयकॉनला ग्रिड व्ह्यू (दोन्ही जीटीके ४ मधले नवे विजेट). खाली लिस्ट स्टोअर, त्यावर फिल्टर, त्यावर सॉर्ट लिस्ट मॉडेल, सगळ्यात वर मल्टी सिलेक्शन (अनेक फाइली निवडू देणारं सिलेक्शन मॉडेल). हे एकच मल्टी सिलेक्शन दोन्ही व्ह्यूंना द्या. तुमच्याकडे प्रत्येक व्ह्यू स्वतःचं सॉर्टिंग सांभाळतोय, म्हणून क्रम तुटतो. मॉडेल एक झालं की क्रम टिकतो आणि निवडलेल्या फाइलीही निवडलेल्याच राहतात.

ग्रिडला हेडर नसतो, मग सॉर्टर (कोण आधी, कोण नंतर हे ठरवणारा ऑब्जेक्ट) आणायचा कुठून? कॉलम व्ह्यूकडूनच. प्रत्येक कॉलमला त्याचा सॉर्टर लावा, आणि कॉलम व्ह्यूचा एकत्रित सॉर्टर मागून घेऊन सॉर्ट लिस्ट मॉडेलला द्या. ग्रिड दिसत असताना मेनूतून 'तारखेनुसार' निवडलं, तर लपलेल्या कॉलम व्ह्यूलाच त्या कॉलमने सॉर्ट करायला सांगा. तो पडद्यावर नसला तरी चालतं, फक्त जिवंत हवा. मेनूतली टिकमार्क बरोबर राहावी म्हणून सध्याचा कॉलम आणि दिशा त्या सॉर्टरलाच विचारा, ही सोय ४.१० पासून आहे. वेगळ्या व्हेरिएबलमध्ये प्रत ठेवलीत, तर ती आज ना उद्या चुकणारच.

फोल्डर नेहमी वर हवे असतील तर मल्टी सॉर्टर (एकापाठोपाठ अनेक सॉर्टर लावणारा) घ्या: पहिला फोल्डर की फाइल हे बघणारा, दुसरा कॉलम व्ह्यूचा, तिसरा नावाचा. फोल्डरची तुलना कॉलमच्या सॉर्टरमध्ये घुसवू नका, कारण हेडरवर दुसऱ्यांदा क्लिक झालं की तीही उलटते आणि सगळे फोल्डर तळाला जातात. तिसराही वगळू नका. आकार सारखे असलेल्या फाइलींचा क्रम नाहीतर डिस्कवरून ज्या क्रमाने नावं आली त्यावर ठरतो.

आकार आणि तारीख यांची तुलना मूळ संख्येवर करा. दाखवायच्या मजकुरावर केलीत तर '१० केबी' हे '९ केबी'च्या आधी येईल. नावांसाठी जीलिबमध्ये (जीटीकेच्या खालची लायब्ररी) फाइलनावांची कोलेशन-की (तुलनेसाठी आधीच तयार केलेला मजकूर) बनवणारं खास फंक्शन आहे, ते नावातले आकडे संख्या म्हणून वाचतं. मात्र इंग्रजी आकडेच. देवनागरी आकड्यांची नावं असतील तर सोय तुम्हालाच करावी लागेल. ही की फाइल वाचताना एकदाच बनवून ऑब्जेक्टमध्ये ठेवा.

दोन गोष्टी हमखास नडतात. उघड्या फोल्डरमधल्या फाइलीचा आकार बदलला, तरी सॉर्ट लिस्ट मॉडेल स्वतःहून तिची जागा बदलेल असं धरून चालू नका. स्टोअरमध्ये त्याच जागी तोच ऑब्जेक्ट स्प्लाइसने (काढून-घालण्याच्या फंक्शनने) पुन्हा घाला, म्हणजे ती योग्य जागी सरकते.

दुसरी गोष्ट थंबनेलची. नव्या व्ह्यूंमध्ये ओळींचे विजेट पुन्हा पुन्हा वापरले जातात. समजा एका ओळीसाठी थंबनेल मागवलं आणि ते येईपर्यंत वापरणाऱ्याने हेडरवर क्लिक केलं. तो विजेट आता दुसऱ्याच फाइलीचा झालेला असतो, आणि उशिरा आलेलं चित्र तिच्या नावासमोर बसतं. म्हणून थंबनेल फाइलीच्या ऑब्जेक्टवर ठेवा, बाइंडमध्ये (विजेटला फाइल दिली जाते तेव्हा) त्या प्रॉपर्टीशी जोडा आणि अनबाइंडमध्ये (ती काढून घेतली जाते तेव्हा) जोडणी न विसरता तोडा. तपासायला मोठा फोल्डर उघडा आणि थंबनेल येत असतानाच हेडरवर चार-पाच वेळा क्लिक करा; चूक असेल तर लगेच दिसेल.