नायट्रो या रोलर कोस्टरवर मोबाइल पँटच्या खिशात ठेवला तर चालेल का?

चेन असलेला, घट्ट बंद होणारा खिसा नसेल तर नाही. मोबाइल, चाव्या, सुट्टे पैसे सोबतच्या माणसाकडे द्या किंवा लॉकरमध्ये ठेवा. खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कमधला हा कोस्टर ताशी 105 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो आणि 5 वेळा उलटा होतो. बसल्यावर पँटच्या खिशाचं तोंड आडवं होतं. चढाच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा खिशातली वस्तू क्षणभर वजनहीन होते आणि अलगद बाहेर सरकते. शिवाय याला पायाखाली तळ नाही, पाय लोंबकळत असतात, त्यामुळे सैल चपलाही सुटतात. चष्म्याला मागून दोरी हवीच.

तरीही काही पडलंच तर राइडवरच्या कर्मचाऱ्याला सांगा, कुंपण ओलांडू नका. 2015 मध्ये अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कमध्ये पडलेली वस्तू शोधायला बंदी असलेल्या भागात शिरलेल्या माणसाला धावत्या कोस्टरची धडक बसली आणि तो गेला.

संथ, लहान मुलांच्या राइडवर एवढी काळजी लागत नाही, पण ऑपरेटर खिसे रिकामे करा म्हणाला तर चेनचा खिसाही रिकामा करावा लागेल.