सांगलीत ग्रूमिंगचं दुकान टाकलंय, ग्रुपवर जाहिरात टाकली की काढून टाकतात. गिऱ्हाईक कसं मिळवायचं?

तुमच्या प्रश्नातलं मुद्द्याचं एवढंच: विश्रामबागला कुत्र्या-मांजरांच्या ग्रूमिंगचं (आंघोळ, केस, नखं) आणि खाद्याचं दुकान सुरू केलं, रंगीत पोस्टर करून घेतलं, पंधरा-वीस ग्रुपवर रोज टाकलं. दोन ॲडमिननी काढून टाकलं, बाकीच्या ठिकाणी कुणी विचारत नाही. आता पैसे भरून जाहिरात करावी का, असं विचारताय.

पैसे भरायची घाई करू नका. आधी ते पोस्टर थांबवा. सांगली, मिरज, कुपवाड मिळून कुत्र्यांचा नाद असलेली माणसं फिरून फिरून तीच आहेत. सोसायटीच्या ग्रुपवरचाच माणूस सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर असतो, तोच श्वानप्रेमींच्या आणि शाळेतल्या पालकांच्याही. त्याला तुमचं पोस्टर दिवसात चारदा दिसतं, आणि त्यावर 'आकर्षक ऑफर' असते पण भाव नसतो. पाचव्या दिवशी तो न वाचता वर सरकवतो. त्यात 'फॉरवर्डेड' हा शिक्का दिसला की संपलंच.

ग्रुपवर कुणी जाहिरात बघायला येत नाही. मात्र अडलं की पहिलं तिथंच विचारतात: "आमच्या लॅबचे (लॅब्रॅडॉर कुत्र्याचे) केस फार गळतायत, जवळपास चांगलं ग्रूमिंग कुठं होतं?" तुमचा धंदा या प्रश्नाखाली आहे. आणि तिथं तुमचं नाव तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं. खालची सगळी खटपट त्यासाठी.

आधी ग्रुप कमी करा. ग्रूमिंगसाठी माणूस कुत्रं गाडीवर किंवा रिक्षात घालून फार तर पाच-सहा किलोमीटर येतो. म्हणजे विश्रामबाग, वारणाली, शंभर फुटी, गावभाग आणि मिरजेचा अलीकडचा भाग एवढ्यातल्याच ग्रुपांकडे लक्ष द्या. सोसायट्यांचे ग्रुप सगळ्यांत कामाचे, कारण तिथं शेजारी शेजाऱ्याला सांगतो. फेसबुकवरचे मोठे खरेदी-विक्रीचे ग्रुप दिसायला भरगच्च, पण तिथले अर्धे लोक जुनी दुचाकी विकायला आलेले असतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कारवान आणि पश्मी या शिकारी जातींची कुत्री पाळणाऱ्यांचे ग्रुप वेगळेच. ही मंडळी आंघोळीला येणार नाहीत, पण खाद्याची पोती, पट्टे आणि गोचिडांवरचा उपाय शोधत असतात. तिथं शाम्पूच्या गोष्टी केल्या तर हसतील. एकूण पाच-सहा ग्रुप पुरेत, जिथली प्रत्येक चर्चा तुमच्याच्यानं वाचून होईल.

नव्या ग्रुपवर बोलायच्या आधी ॲडमिनला वैयक्तिक मेसेज करा. साधारण असा:

"नमस्कार. विश्रामबागला माझं ग्रूमिंगचं दुकान आहे. ग्रुपवर जाहिरात टाकणार नाही. कुत्र्या-मांजराबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर देईन, महिन्यातून एकदा उपयोगाची माहिती टाकेन, खाली फक्त दुकानाचं नाव असेल. चालेल का? काही नियम असतील तर सांगा."

बहुतेक ॲडमिन हो म्हणतात, कारण विचारतंच कोण? नाही म्हणाले तर गुपचूप वाचत राहा. ज्यांनी काढून टाकलं त्यांनाही असाच मेसेज करा, पण आधी सरळ माफी मागून.

आता महिन्यातून एकदा काय टाकायचं. नेटवरून उचललेल्या 'दहा टिप्स' नकोत. आपल्या भागातली, त्या आठवड्यातली गोष्ट हवी. उदाहरणार्थ द्राक्ष-बेदाण्याच्या हंगामात:

"तासगावचे बेदाणे आता घरोघरी येतील. कुत्रं पाळत असाल तर द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा. काही कुत्र्यांची किडनी थोड्याशानंही निकामी होते, आणि कुणाला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही. खाल्लंच तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका."

एवढंच. खाली दुकानाचं नाव. सांगली जिल्ह्यात बेदाणा नसलेलं घर सापडणं कठीण, म्हणून हा मेसेज लोक स्वतःहून पुढं पाठवतात. तुमचं नाव त्याच्याबरोबर फिरतं.

दुसरा विषय गोचीड. इथं लोकांचा हमखास गैरसमज असतो की आंघोळ घातली की गोचीड गेले. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, बिछान्याखाली असतात, आणि रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरून तिथंच हजारांनी अंडी घालते. घराच्या फटी साफ केल्याशिवाय कुत्रं साफ राहत नाही. मानेवर टाकायचं औषध वापरणार असाल तर बहुतेक कंपन्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको म्हणतात, ते बाटलीवर वाचायला सांगा. आणि एक ओळ ठळक लिहा: कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्यानं मांजराला झटके येतात आणि ते दगावूही शकतं. मांजरवाली मंडळी हा मेसेज विसरत नाहीत.

उन्हाळ्यात चटके देणारा डांबरी रस्ता, गणपतीत डॉल्बी, दिवाळीत फटाके, असे विषय वर्षभर पुरतात. पावसाळ्यातला मात्र जपून हाताळा. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चढायला लागलं की ग्रुपवर प्रश्न येतोच, "घर सोडायचं म्हटलं तर कुत्र्याला कुठं ठेवू?" तुमचं दुकान पाण्याच्या पट्ट्यात नसेल तर आकडा ४० ला पोहोचायच्या आधीच लिहून टाका: किती पिंजरे आहेत, किती जनावरं घेता येतील, लसीचं कार्ड लागेल, खाद्याचा खर्च कुणाचा. जागा सहाचीच असेल तर सहाच लिहा. जास्त लिहिलंत आणि सातवं कुत्रं दारात आल्यावर नाही म्हणायची वेळ आली तर ते ग्रुपवर येतं. पुराच्या दिवसांत जागेचं भाडं घेऊ नये, असं माझं मत.

कुणी थेट विचारलं तर उत्तर कसं द्यायचं? "पर्सनलला या" हे सगळ्यांत वाईट उत्तर. लोकांना वाटतं, माणूस बघून भाव सांगणार. तिथंच, सगळ्यांसमोर लिहा:

"लॅबला आंघोळ, नखं, कान साफ करणं, सुटलेले केस काढणं मिळून ८०० रुपये, साधारण दीड तास. केसांचे गोळे झाले असतील तर ते सोडवायचे वेगळे, आधी बघून सांगतो. रेबीजची लस झालेली हवी. बुधवार-गुरुवारी वेळ मोकळी आहे. केस गळताना खाज किंवा टक्कल दिसत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, ते आंघोळीचं काम नाही."

८०० हा नमुन्याचा आकडा, तुमचा तुम्ही घाला. शेवटची ओळ मात्र काढू नका. आलेलं गिऱ्हाईक डॉक्टरकडे पाठवणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो, आणि तो डॉक्टरही पुढं तुमचं नाव सुचवतो. वार लिहिण्यामागंही कारण आहे: रविवारी गर्दी असते, तेव्हा जाहिरातीची गरज नसते. मोकळे वार भरायचेत. म्हणून काही लिहायचं ते सोमवारी किंवा मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर.

औषधाचं नाव आणि डोस ग्रुपवर सांगू नका, कितीही माहीत असलं तरी.

एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येण्यासाठी ग्रुप लागत नाही, व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं. गल्ल्यावर वही ठेवा: कुत्र्याचं नाव, जात, वय, रेबीजच्या लसीची तारीख, मालकाचा नंबर, आणि मेसेज केलेला चालेल का. एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. ही गोष्ट बऱ्याच दुकानदारांना कळतच नाही. यादी मोठी आणि उत्तर एकही नाही. म्हणून कुत्रं परत देताना त्याचा आंघोळीनंतरचा फोटो मालकाला पाठवा आणि समोरच नंबर सेव्ह करून घ्या. फोटोसाठी नाही कोण म्हणतं! तो फोटो ग्रुपवर टाकायचा तर मात्र विचारा. मागं घराची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसू देऊ नका. लांब केसांच्या कुत्र्यांना चार-पाच आठवड्यांनी, लसीची तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधी, एवढेच मेसेज. विचारल्याशिवाय लोकांना तुमच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये घालू नका. चार जणांनी तक्रार केली तर नंबरच बंद पडू शकतो, आणि सगळं दुकान त्या नंबरवर असतं.

फसतं कुठं, तेही सांगतो. पिल्लं विकायच्या पोस्ट टाकू नका. फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोन्हींच्या नियमांत जिवंत प्राण्यांची विक्री बसत नाही, शिवाय २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि २०१८ चे पेट शॉपचे नियम आहेत: राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपला हिरवा पोपट आणि स्टार कासव तर वन्यजीव कायद्यात येतात, "कुणाला हवाय का" असं गमतीतही लिहू नका. सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून भांडण पेटलं की गप्प बसा. दोन्ही बाजूंच्या घरांत तुमची गिऱ्हाइकं आहेत. गूगलवर चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, तेही गूगलच्या नियमाविरुद्ध आहे.

आणि कधीतरी नख खोल कापलं जाणार, रक्त येणार, फोटो ग्रुपवर पडणार. त्या वेळी "आमच्याकडं असं होत नाही" असं लिहू नका. तिथंच दोन ओळी: काय झालं, आत्ता काय करताय, डॉक्टरांचा खर्च तुम्ही देताय. मग फोन. काळ्या नखांत आतली शीर दिसत नाही, ही गोष्ट कुत्रं ग्रूमिंगला ताब्यात घेतानाच मालकाला सांगितलेली असली तर निम्मा राग तिथंच ओसरतो.

पैसे भरून जाहिरात करायची का, याचं उत्तर वहीतच मिळेल. "कुठून कळलं?" असा एक रकाना वाढवा आणि ग्रुपचं नाव लिहीत जा, नुसतं 'व्हॉट्सॲप' नको. तीन महिन्यांनी ज्या ग्रुपवरून एकही माणूस आला नाही तो सोडा. बुधवार-गुरुवार तरीही रिकामे राहत असतील, तर मग पाच किलोमीटरच्या आत दिसणारी छोटी जाहिरात पंधरा दिवस चालवून बघा, त्याच बेदाण्याच्या मेसेजसारख्या मजकुराची.