लेझर मारून द्रावणात क्रिस्टल पाडता येतात असं वाचलं, खरंय का? घरच्या लेझर पॉइंटरने जमेल?

खरंय, पण पॉइंटरने नाही जमणार. आणि लेझर क्रिस्टल 'बनवतो' असं नाही हां, क्रिस्टल पडायच्या बेतात असलेल्या द्रावणाला तो नुसता धक्का देतो.

म्हणजे बघा, गरम पाण्यात भरपूर युरिया विरघळवला आणि न हलवता गार होऊ दिला तर पाण्यात झेपेल त्यापेक्षा जास्त युरिया असतो, तरी दिसायला एकदम नितळ, कारण पहिला कण जमायला कुठेतरी सुरुवात लागते आणि ती मिळेपर्यंत ते दिवसेंदिवस तसंच बसून राहतं. मी औषधांच्या कंपनीत क्रिस्टलायझेशनवर काही वर्षं काढलीत, असा रुसलेला फ्लास्क आला की आम्ही काचेच्या कांडीने आतून खरवडायचो नाहीतर आधीच्या बॅचचे चार दाणे टाकायचो, थोड्याच वेळात सगळं दुधाळ.

लेझरचं निघालं ते चुकून. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात गॅरेट्झ, मायर्सन वगैरे संशोधक मंडळी युरियाच्या अशा द्रावणातून लेझर सोडून दुप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रकाश मिळतो का बघत होती, आणि द्रावणात क्रिस्टलच पडले! 1996 ला पेपर आला. लेझर 1064 नॅनोमीटरचा, त्या प्रकाशाने रासायनिक क्रिया होईल असं त्या द्रावणात काही नाही, आणि गंमत म्हणजे सुरुवातीचा सुईसारखा क्रिस्टल प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेने उभा राहायचा. म्हणून त्यांचं म्हणणं की आधीच घोळक्याने फिरणारे रेणू त्या क्षेत्रामुळे एका रांगेत येतात.

मला हे पूर्ण पटत नाही. 2016 मध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या लोकांनी ग्लायसिन या अमिनो आम्लाचं द्रावण आधी बारीक फिल्टरमधून गाळून घेतलं आणि मग लेझर मारला, तर क्रिस्टल पडायचं प्रमाण एकदम घसरलं. म्हणजे न दिसणारा कचरा लेझरने तापतो, त्याच्याभोवती क्षणभर बुडबुडा होतो आणि तिथून सुरुवात होते, असं असणार. कांडीने खरवडण्याचाच महागडा भाऊ म्हणा ना. अर्थात मग सुईची दिशा का जुळते हे कचऱ्यावरून सांगता येत नाही, त्यामुळे वाद चालूच आहे.

आता पॉइंटर. त्याची पॉवर 5 मिलिवॉटच्या आसपास. लॅबमधला लेझर 0.1 ज्यूल ऊर्जा 10 नॅनोसेकंदांत ओततो, म्हणजे त्या क्षणापुरते 1 कोटी वॉट, कुठे हे आणि कुठे ते. त्यात 1064 चा प्रकाश दिसतच नाही, पापणी मिटायचं कारणच नाही आणि डोळा कायमचा जातो, तेव्हा ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणून असला लेझर मागवू नका.

घरी करायचंच असेल तर तुरटी घ्या, गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, फडक्यातून दोनदा गाळा, झाकून गार करा आणि मग तुरटीचाच एक बारीक कण सोडून बघत बसा.