जग इतकं जवळ आल्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांचं काम उरलंय का? आणि भारतातलं ख्रिस्ती ईश्वरशास्त्र म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कलच नाही का?

या प्रश्नातलं 'नक्कल' वाचलं आणि राहवलं नाही. बाहेरच्यांकडून हे ऐकायची सवय आहे. घरात ऐकलं तेव्हा मात्र फार झोंबलं होतं.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं, आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्याच मिशनमधला. पप्पा गेल्यावर वर्षभराने अंगणात मांडव घालून स्मरणार्थ उपासना ठेवली. पप्पांनी आधीच बजावून ठेवलं होतं, भजनं टिळकांची (लोकमान्य नव्हे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक), तीही पेटी, ढोलकी, टाळांसकट. गावाकडची भजनी मंडळी टेम्पो करून आली. पेटीवाले काका पप्पांचे संडे स्कूलपासूनचे सोबती. दिसतं कमी, पण बोटं चुकत नाहीत. दुसरं भजन रंगात आलं, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि माझा चुलतभाऊ उठून उभा राहिला. तो पुण्यात आयटीत आहे, हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका इंग्रजी चर्चला जातो. सोबत अमेरिकेहून आलेले एक उपदेशक पाहुणे होते. "काका, थांबा जरा. ही चाल विठ्ठलाच्या भजनाची आहे. प्रभूच्या उपासनेत असलं काही नको." काकांनी एक शब्द न बोलता भाता मिटला आणि खटका लावला. मग याने पिशवीतून ब्लूटूथ स्पीकर काढून इंग्रजी गाणी लावली. पाहुणे मोबाइलवर भजनाचं शूटिंग करत होते. वाजणं का थांबलं ते त्यांना कळेचना. गावाकडच्या बाया पदर सावरून गप्प बसून राहिल्या.

जेवणं उरकल्यावर मागच्या दारी आमची जुंपली. त्याचं म्हणणं, "दादा, आज जगभरच्या मंडळ्या (म्हणजे चर्चेस) एकच गाणी गातात. तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या चालीत अडकलात." वर त्याच्या चर्चची थोरवी: पवित्र आत्म्याचा वर्षाव, अन्य भाषा (प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणं), आणि हे सगळं १९०६ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं म्हणे.

मी त्याला केडगावला नेलं. म्हणजे तोंडी. नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. तिथे १९०५ च्या जूनमध्येच मुलींमध्ये असंच संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती, झालं होतं, लॉस एंजेलिसच्या वर्षभर आधी. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई रमाबाईंच्या हाताखाली काम करायची. तिने त्यावर पुस्तिका लिहिली आणि एक प्रत दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या व्हालपारायसो शहरात आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला धाडली. ती मैत्रीण तिथले मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक (पास्टर) विलिस हूव्हर यांची बायको. १९०९ मध्ये तिथेही तेच घडलं, आणि चिलीची पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याच्या वर्षावावर भर देणारी, चळवळ त्यातून उभी राहिली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरींच्या प्रार्थनेची बातमी दौंड तालुक्यातून चिलीला पोचते, आणि आपण विचारतो नक्कल कोणी कोणाची केली! शिवाय अन्य भाषा बोलता आली तरच आत्मा मिळाला, असा हट्ट रमाबाईंनी कधी धरला नाही. तो हट्ट माझ्या भावाच्या चर्चचा.

ईश्वरशास्त्राचंही तेच. रॉबर्ट ह्यूम नगरचे मिशनरी, जन्म मुंबईतला. सुट्टीवर अमेरिकेत गेले असताना १८८६ मध्ये ते जाहीरपणे म्हणाले की, ख्रिस्ताचं नावही न ऐकता जे मेले त्यांना मरणानंतर संधी मिळू शकते हा विचार मिशनच्या कामाला उपयोगीच पडेल. झालं, त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डानेच त्यांना भारतात परत पाठवायचं अडवून धरलं. बऱ्याच वादानंतर सोडलं. आमच्याकडे नवा विश्वासी पहिला प्रश्न हाच विचारतो: मी तरलो, माझ्या आजोबाचं काय? बॉस्टनच्या बोर्डाला त्यावर घाम फुटला.

आणि टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो हे ते उघड सांगायचे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. आज एखाद्या पाळकाने हे केलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंग लागेल.

आता मिशनऱ्यांचं. गोरा साहेब घोड्यावरून येतो हे चित्र डोक्यातून काढा. जगातले बहुसंख्य ख्रिस्ती आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. कोरियाचे मिशनरी जगभर जातात, जर्मनीतल्या कॅथलिक चर्चमध्ये केरळचे फादर मिस्सा करतात, लंडनमध्ये नायजेरियनांची चर्चेस भरलेली असतात. १९१० च्या एडिंबरातल्या जागतिक मिशनरी परिषदेत आपले भारतीय पाळक व्ही. एस. अझराया यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की, तुम्ही खूप दिलंत, आता मैत्री द्या. माझं मत स्पष्ट आहे: दवाखाना, शाळा, आजाऱ्याजवळ बसणं याची गरज उरणारच. जिंगल लिहिल्यासारखी तीच तीच गाणी आणि 'विश्वास ठेवा, प्रमोशन मिळेल' छापाचा यूट्यूबवरचा उपदेश, याची गरज शून्य. पूर्वी परकेपणा बोटीने यायचा तेव्हा निदान इथे उतरून मराठी शिकायचा.

थोडं हेही सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल एकच बाजू मांडली. मिशनरी काही संत नव्हते; आपल्या देवदेवतांबद्दल त्यांनी वाट्टेल ते लिहिलंय, आणि दुष्काळात आसरा व धर्म एकाच दारात मिळाला की स्वीकार किती मोकळा, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही 'राइस बॅग' (तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले) लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. दुसरं, मी वर घेतलेली रमाबाई आणि टिळक ही नावं ब्राह्मणांची आहेत. नगर जिल्ह्यातली चर्चेस भरली ती महार-मांगांनी. त्यांचं ईश्वरशास्त्र फारसं छापलं गेलं नाही, भजनी मंडळांत तेवढं टिकलं. म्हणून तर पेटी बंद करण्याचा मला एवढा राग.

भाऊ हे वाचणार आहे, कोणीतरी लिंक पाठवेलच. तर ऐक. भजनाची चाल विठ्ठलाची म्हणून नको असेल, तर तुझ्या चर्चच्या इलेक्ट्रिक गिटारवर आधी काय काय वाजलंय तेही एकदा तपासून घे. आणि काकांना अजून फोन केलेला नाहीस.