ॲडम्सच्या डोंगरात जाण्याआधी

अगं, तुझा मेसेज वाचला. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत टनेल व्ह्यूला, डोंगरांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी गाजलेला अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स जिथं उभा राहिला तिथंच ट्रायपॉड लावायचा आणि सेम टू सेम फ्रेम काढायची, म्हणजे ट्रिब्यूट झाला असं तुझ्या डोक्यात बसलंय. काढ एकदा, हौस फिटू दे. पण ती कॉपी झाली गं.

त्याच्याकडून घ्यायचंच असेल तर १० एप्रिल १९२७ चा दिवस घे. बर्फातनं चढत तो योसेमिटीतल्याच हाफ डोम या भल्यामोठ्या कड्यासमोरच्या डायव्हिंग बोर्ड नावाच्या खडकावर पोचला तेव्हा फोटो काढायच्या काचेच्या प्लेट उरलेल्या दोनच. पहिलीला पिवळा फिल्टर लावला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की यात आकाश फिकं येणार, कड्याचा दरारा काही येणार नाही, मग शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं आलं. म्हणजे शटर उघडायच्या आधी प्रिंट डोक्यात तयार. हे उचल, जागा नको उचलूस.

आता तू पडलीस डिजिटलवाली, तर लेन्सवर लाल फिल्टर नको लावूस, सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल असतो, बाकीचे उपाशी राहतात. कलरमध्येच रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ आणि नंतर कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करताना निळा स्लायडर खाली आण, आकाश तसंच गडद होतं. पण दमानं हं! जास्त ओढलास की आकाशात दाणे दिसायला लागतात आणि कड्याच्या कडेनं एक पांढरी रेघ उमटते, ती एकदा दिसली की मग फोटोत दुसरं काही दिसतच नाही. सावल्या पण काळ्या पडतील, कारण डोंगरातल्या सावलीवर उजेड असतो तो निळ्या आकाशाचाच.

बर्फाला कॅमेरा राखाडी करतो, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वर घे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), फक्त हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, फुटू देऊ नकोस. ॲडम्सच्या झोन सिस्टिममध्ये, म्हणजे उजेड मोजून टोन ठरवायच्या पद्धतीत, एक्स्पोजर सावलीवरनं ठरायचं कारण ती निगेटिव्ह फिल्म होती, तू हायलाइटवरनं ठरव. लोक ते सावलीचं पुस्तकी घोकतात आणि मग बर्फ पांढराफटक जाळून आणतात.

जागाच हवी असेल तर ॲन्सेल ॲडम्स विल्डरनेसमध्ये जा, १९८४ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी त्या भागाला हे नाव मिळालं. तिथल्या थाउजंड आयलंड लेकवरनं बॅनर पीकचा फोटो त्यानं १९२३ मध्ये काढलाय. रात्री राहायचं तर परमिट लागतं, ते आधी बघ, लेन्स नंतर.

आणि प्रिंट. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा १९४१ चा गाजलेला फोटो घे, निगेटिव्ह एकच, पण वर्षानुवर्षं प्रिंट काढताना तो आकाश अजून अजून काळं करत गेला. त्यामुळे आल्यावर मला ढीगभर फाइली पाठवू नकोस. एकच प्रिंट दाखव, आणि ती निदान दुसऱ्यांदा काढलेली असू दे.