न्यूझीलंडच्या कलेवर माओरींचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, प्रभाव जास्त की पाश्चात्त्यांचा?

कुणाचा जास्त, हे मोजायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही, कारण दोन्ही एकाच वस्तूत सापडतात. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयातलं 'ते हाउ की तुरांगा' हे कोरीव सभागृह बघा. राहारुही रुकुपो आणि त्याच्या सोबतच्या कारागिरांनी १८४०च्या दशकात ते घडवलं. भिंतीभर उभे असलेले पूर्वज, त्यांच्या अंगावरची वळणदार नक्षी, सगळं अस्सल माओरी. पण कोरायला हत्यारं होती युरोपीयांनी आणलेली पोलादी. दगडी हत्यारांपेक्षा त्यांनी काम भराभर आणि बारीक झालं.

पण याला गोड संगम म्हणून सोडून देणं मला पटत नाही. हेच सभागृह १८६७ मध्ये सरकारने लोकांचा विरोध डावलून उचलून नेलं. पुढे शाळांमधून माओरी भाषाही मागे रेटली गेली. तिला अधिकृत दर्जा मिळायला १९८७ उजाडलं.

संगीतात देवाणघेवाण जास्त मोकळी झाली. मिशनऱ्यांच्या भजनांतले सूर आणि नंतर आलेली गिटार माओरींनी आपलीशी केली. आज त्यांच्या समूहगायनात गिटार नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. चित्रकला, कादंबरी, सिनेमा ही माध्यमं पश्चिमेकडची, पण १९७०नंतर माओरी कलावंतांनी त्यांतून जमीन, वंशावळ आणि शहरात आलेल्या पिढीचं तुटलेपण मांडलं. न्यूझीलंडची कला जगात वेगळी ओळखू येते ती माओरींमुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.